ऑक्सिजन म्हणजे च्यवनप्राश नव्हे

सकाळी सकाळी शाळेच्या ग्रुपवर आपल्याच एका मित्राने जाहिरात टाकली. काचेच्या चेंबरमध्ये एक बाई डोळे मिटून पडलीये आणि खाली, शुद्ध ऑक्सिजन घ्या, वय मागे न्या, आयुष्य वाढवा, दहा सेशनचं पॅकेज, ईएमआयची सोय. त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस! चहा बाजूला ठेवला आणि लिहायला बसलो, कारण तिथे ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं.

अरे, हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे आणि धडधाकट माणसाचं सॅच्युरेशन त्याच फुकटच्या हवेवर 97-98 असतं. म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन जवळपास भरलेलंच आहे. पैसे मोजून आणखी काय भरणार त्यात?

मी हे बोलतोय कारण आमच्या मावशीकडे दोन वर्षं ते मशीन होतं. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतलाच ऑक्सिजन वेगळा काढून नाकातल्या नळीला देणारं यंत्र. सांगलीकडचं गाव, मावशीने आयुष्यात विडीला हात लावला नाही पण चाळीसेक वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, ओल्या जळणाचा धूर छातीत घेतला, आणि साठीत डॉक्टर म्हणाले सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. मशीनवर उभी नळी असते, त्यात एक छोटा गोळा वर-खाली होतो, तो दोनच्या रेघेवर (म्हणजे मिनिटाला दोन लिटर) ठेवायचा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सॅच्युरेशन 88 ते 92 च्या मधे, वर नको. वर नको! हे कुणालाच पटायचं नाही. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, दोनवर काय ठेवलंय, वाढवा की जरा, म्हातारीला बरं वाटेल.

आणि ज्यांना खरंच कमी पडतो त्यांना ऑक्सिजन आयुष्य देतो, यात वादच नाही. 1980 च्या सुमारास ब्रिटन आणि अमेरिकेत सीओपीडीच्याच पेशंटवर अभ्यास झाले. ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन फारच खाली गेला होता त्यांना रोज 15 तास किंवा जास्त दिला तर ते जास्त जगले. म्हणून तर मावशी झोपताना पण ती नळी नाकात घालून झोपायची, आणि लाईट गेली की आख्ख्या घराचा जीव वरखाली.

तर एकदा मावसभावाचा मेहुणा मुक्कामाला आला आणि रात्री कुणाला न विचारता त्याने तो गोळा पाचवर नेला. प्रेमानेच केलं हो, मी त्याला शिव्या देत नाही (तेव्हा दिल्या होत्या). सकाळी मावशी हाक मारली तरी डोळे उघडेना, बोलली ते असंबद्ध. हॉस्पिटलात कळलं की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय. अशा काही पेशंटना जास्त ऑक्सिजन दिला की असं होतं. मग तोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा आत ढकलून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा मास्क. वाचली, पण त्या मास्कमधून ती आमच्याकडे कशी बघत होती ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आणि ही काही एका मावशीची गोष्ट नाही. 1940-50 च्या काळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत ठेवून भरपूर ऑक्सिजन दिला जायचा, चांगल्याच हेतूने. जगभरात सुमारे 10,000 बाळं आंधळी झाली. प्रीस्टली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1774 मध्ये हा वायू वेगळा केला, तेव्हा त्यालाच शंका आली होती की मेणबत्ती यात भराभर जळून जाते तसं माणूसही यात लवकर संपेल की काय. अगदी तसं नाही होत, पण निदान त्या माणसाने विचार तरी केला! आमचे लोक पॅकेज बघतात.

आता कुणीतरी कमेंटमध्ये इस्रायलचा अभ्यास आणून टाकेलच. 2020 चा, 35 लोकांचा, चेंबरमध्ये बसवून रक्तातल्या पेशींचे टेलोमिअर (गुणसूत्रांची टोकं, जी वयाबरोबर आखूड होत जातात) लांब झाले म्हणे. झाले असतील. ती माणसं जास्त जगली असं त्यात कुठेही नाही. आणि हो, डायबेटिसच्या न भरणाऱ्या जखमेला किंवा गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइड चढलेल्या माणसाला चेंबरचा उपयोग होतो, तेही मान्य. मग त्यांना द्या ना! प्राणायामवाल्यांनी पण चिडू नका. करा, शांत वाटतं, मी पण करतो.

मला राग याचा येतो की आपण एप्रिल 2021 बघितलाय. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून ऑक्सिजन आणायला विशाखापट्टणमला पाठवले होते, नाशिकला हॉस्पिटलच्या ऑक्सिजन टाकीची गळती झाली आणि वीसच्या वर पेशंट तडफडून गेले, आपल्यातले किती जण रात्रभर सिलेंडरसाठी फोन फिरवत होते. तोच ऑक्सिजन आता चेहऱ्यावर ग्लो यावा म्हणून ईएमआयवर? आणि मावशीच्या गल्लीत अजून चुली पेटतातच, कारण गॅसचा सिलेंडर भरायला पैसे नाहीत. फुप्फुसाची एवढी काळजी असेल तर ते पॅकेजचे पैसे तिकडे द्या की.

जाऊ दे. मावशी गेल्या वर्षी गेली. मशीन आमच्याकडे आहे, परवाच सर्व्हिसिंग करून घेतलंय, चांगलं चालतंय. कुणाच्या घरी गरज असेल तर इनबॉक्स करा, भाडं-बिडं काही नको. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आणि फ्लो किती ठेवायचा ते त्यावर लिहिलेलं पाहिजे. पाहुण्यांना मशीनपासून लांब ठेवायची जबाबदारी तुमची.