'माझं चुकलं' सोडून सगळं

चंद्रावरून चीनची भिंत दिसते, असं कोणी ऑनलाइन लिहिलं की माझी बोटं शिवशिवतात. हिशेब साधा आहे. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर, भिंत बहुतेक ठिकाणी जेमतेम पाच-सहा मीटर रुंद. म्हणजे साडेचार किलोमीटरवरून डोक्यावरचा एक केस दिसावा, तसं. तिथून नुसत्या डोळ्यांना काही ओळखू यायचं तर ते निदान शंभर किलोमीटर रुंद हवं. एवढं मांडल्यावर समोरचा 'अरे हो, चुकलंच' म्हणेल, अशी ज्याची अपेक्षा असते त्याने नुकताच फोन घेतलेला असतो.

समोरचा म्हणतो, 'चंद्र हे उदाहरण होतं. अवकाशातून दिसते.' मुद्द्याने बिऱ्हाड हलवलं. तुम्ही सांगता, चीनचेच पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ साली परत आले आणि भिंत दिसली नाही म्हणाले. उत्तर येतं, 'सराईत अंतराळवीराला दिसते.' ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी या युक्तीला 'खरा स्कॉट्समन' असं नाव दिलंय. आपल्याविरुद्ध जाणारा प्रत्येक दाखला खोटा ठरवायचा, म्हणजे नियम शाबूत राहतो. त्यानंतर 'तुम्ही 'दिसते'मधला 'दि' दीर्घ लिहिलात' असं येतं. गाडी ऱ्हस्व-दीर्घावर आली की खुशाल समजावं, मूळ मुद्दा संपला.

मध्येच तो मूळ वाक्यही बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला पंधरा मिनिटं मिळतात. म्हणून उत्तर देताना त्याचं वाक्य जसंच्या तसं उचलून वर चिकटवावं. (ही पंधरा मिनिटं मी फक्त शुद्धलेखनासाठी वापरतो, असं माझं म्हणणं आहे.)

हा निव्वळ हेकेखोरपणा नव्हे. लिऑन फेस्टिंजर आणि जेम्स कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली लोकांना एक कंटाळवाणं काम दिलं आणि ते मजेदार होतं असं पुढच्या माणसाला सांगायला लावलं. त्यासाठी काहींना वीस डॉलर दिले, काहींना एक. नंतर विचारलं, तर एक डॉलरवाल्यांनाच काम जास्त मजेदार वाटू लागलं होतं. वीस डॉलरसाठी खोटं बोललो म्हणता येतं; एका डॉलरसाठी बोललो म्हणायची लाज वाटते, त्यापेक्षा ते खरं मानणं सोयीचं. ऑनलाइन वादात तर तो एक डॉलरही मिळत नाही. मग विश्वास किती घट्ट बसत असेल, बघा.

म्हणून पुरावे ओतू नयेत, प्रश्न विचारावा. तोही 'का' नको, 'कसं' हवा. झिप किंवा फ्लश कसा चालतो हे आपल्याला नीट कळतं, असं वाटणाऱ्यांना ते टप्प्याटप्प्याने समजावून सांगायला लावलं की त्यांची खात्री खाली येते. रोझेनब्लिट आणि काइल या मानसशास्त्रज्ञांनी हे २००२ साली दाखवून दिलं. तेव्हा लिहावं, 'किती उंचीवरून, कशी दिसते, जरा सांगाल?' यातला 'जरा' विसरू नये, नाहीतर तोंडी परीक्षा वाटते. चारचौघांत विचारू नये, खाजगी मेसेज करावा. बघे असले की कोणी नमतं घेत नाही. आणि पळवाट आपणच आखून द्यावी: 'पुस्तकांतही तसंच छापलेलं असायचं हो.' म्हणजे दोष पुस्तकावर जातो, माणूस सुटतो.

माझी मर्यादा दोन उत्तरांची. एक त्याच्यासाठी, दुसरं मुकाट वाचणाऱ्यांसाठी. तिसरं लिहिलं तर ते आपल्या अहंकारासाठी असतं आणि तेच सर्वांत लांब होतं.

मग शरणागती ओळखायला शिकावं, कारण ती कायम वेषांतर करून येते. 'मला तेच म्हणायचं होतं' ही बिनशर्त शरणागती. नुसता अंगठा म्हणजे तह. 'तुम्ही फार मनावर घेता' म्हणजे माघार चालू आहे, पाठलाग करू नये. आणि संपूर्ण विजय तीन आठवड्यांनी मिळतो. तोच माणूस दुसऱ्या ग्रुपवर ऐटीत लिहितो, 'चंद्रावरून चीनची भिंत दिसते हा गैरसमज आहे,' आणि खाली तुमचा केसाचा हिशेब स्वतःच्या नावावर देतो. फक्त साडेचारचे पंचेचाळीस किलोमीटर झालेले असतात.

तिथे गप्प बसायचं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण पंचेचाळीस म्हणजे दहापट हो!