आधी वरंधा की आधी आंबेनळी?

पुण्याहून मोटारसायकलने निघून वरंधा आणि आंबेनळी हे दोन्ही घाट एकाच फेरीत करायचे, यावर कट्ट्यावर कुणाचेच दुमत नव्हते. फेरी कोणत्या बाजूने घालायची, यावरून मात्र चहाच्या फेऱ्या वाढत गेल्या. एका पक्षाचे म्हणणे असे, की भोरवरून वरंधा उतरून महाड-पोलादपूर गाठावे, आंबेनळीने महाबळेश्वरला चढावे आणि वाईमार्गे परतावे. दुसऱ्या पक्षाला हीच फेरी उलटी हवी होती, म्हणजे खंबाटकी आणि पसरणी चढून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी उतरून कोकण आणि शेवटी वरंधा चढून भोर.

उलट्या फेरीचे वकीलपत्र येझदीवाल्या काकांनी घेतले होते. त्यांची अडचण खरी आहे आणि फोर-स्ट्रोक गाड्यांवर वाढलेल्या पोरांना ती समजावून सांगावी लागते. खालचा गिअर टाकून थ्रॉटल सोडला, की फोर-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडी चांगली धरून ठेवते. काकांची जुनी येझदी मात्र टू-स्ट्रोक, तिच्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच आत जाते. त्यामुळे थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरताना इंजिन वेगाने फिरत राहते, पण त्याला तेल मात्र पुरेसे मिळत नाही, आणि मुळात इंजिनाचा रोधही बेताचाच असतो. मग सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो, आणि लायनर तापले की ब्रेक कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. "तुमच्या फेरीत वरंधा आणि पसरणी असे दोन घाट उतरायचे, माझ्या फेरीत एकच," असे सांगून काकांनी विषय संपवल्याचा आव आणला.

आमच्यातल्या प्राध्यापकांना हे गणित मान्य होण्यासारखे नव्हते. ज्या ठिकाणाहून निघायचे तिथेच परत यायचे असेल, तर फेरी कोणत्याही बाजूने घातली तरी एकूण चढ आणि एकूण उतार सारखाच भरणार. प्रश्न फक्त तो उतार कसा वाटला जातो एवढाच उरतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणपातळीवर, म्हणजे काकांच्या फेरीत ही सगळी उंची साधारण ४० किलोमीटरच्या एकाच घाटात उतरावी लागते. भोरकडून गेल्यास वरंध्याचा उतार संपल्यावर मुंबई-गोवा महामार्गाचा सपाट तुकडा आणि मग आंबेनळीचा चढ येतो, तेवढ्यात ब्रेक थंड होतात आणि पसरणी उतरताना ते पुन्हा ताजे असतात. माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागला होता, पण काका तो मान्य करतील तर ते काका कसले!

बुलेटवाल्याचा मुद्दा निराळा होता. खंबाटकीला जुन्या रस्त्याने पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, तर येताना बोगदा लागतो. तेव्हा उलट्या फेरीत एक घाट फुकटात पदरात पडतो, असे तो म्हणाला. ट्रकच्या धुरात चढायचा घाट फुकट मिळाला तरी तो का घ्यावा, हे मला तरी कळले नाही.

खरी भर वहिनींनी घातली. पूर्वी त्या मागे बसून येत, आता स्वतःची गाडी चालवतात, त्यामुळे दोन्ही बाजू त्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या म्हणण्यानुसार मागे बसणाऱ्याला उतार नकोसा होतो, कारण प्रत्येक ब्रेकला तो पुढच्यावर घसरतो आणि पुढच्याच्या मनगटांवर दोघांचे वजन येते. चालवणाऱ्याला तर उतारावर दरी दिसतच नाही. त्याला दिसतो तो ओढ्याने रस्त्यावर आणून टाकलेला लाल मातीचा आणि बारीक खडीचा पट्टा, डोंगराच्या कडेला ओल धरून राहिलेले शेवाळ आणि वळणावर आपली अर्धी बाजू व्यापून येणारी एसटी. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असते, या नियमाचीही त्यांनी आठवण करून दिली. देखावा पाहायचा तर वरंध्यातल्या वाघजाई मंदिरापाशी थांबून, भजी वानरांपासून सांभाळत पाहावा, असे त्यांचे मत पडले.

भर पावसात जावे का, हा प्रश्न फार ताणला गेला नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला, हे सगळ्यांच्याच लक्षात आहे. वरंधाही पावसाळ्यात कधी अवजड वाहनांना, तर कधी सगळ्यांनाच बंद केला जातो. तेव्हा दसऱ्यानंतर, आणि भोरच्या बाजूनेच, असे बहुमताने ठरले.

काकांनी बहुमत मानले नाही. ते ताम्हिणीने माणगावला उतरतील आणि पोलादपूरला आम्हाला येऊन मिळतील, असे त्यांनी जाहीर केले. ताम्हिणीही उतारच आहे, हे वहिनींनी लक्षात आणून दिल्यावर काका म्हणाले, "आहे ना, पण तो माझ्या येझदीच्या ओळखीचा आहे."