वीरचक्रवाल्या काकांना "किती उडवले?" विचारणाऱ्यांसाठी

आज १६ डिसेंबर, विजय दिवस. सकाळी आमच्या सोसायटीत सत्कार समारंभ झाला आणि तेव्हापासून मी धुमसतेय. त्या नादात दुपारची भाजीही करपली. पोस्ट लांबणार आहे, कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे आपल्या खडकीच्या बीईजीचे (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप). लष्करात सुरुंग काढून वाट मोकळी करणारे ते सॅपर. एकाहत्तरच्या युद्धात गोळीबार चालू असताना सुरुंग काढले म्हणून वीरचक्र. आता पंचाहत्तरी उलटलीये आणि डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यांना बसवलं कुठे? स्पीकरच्या भिंतीला चिकटून! नऊचा कार्यक्रम, पाहुणे उगवले पावणेअकराला. मग शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. शेवटी निवेदकाने काकांच्या तोंडापुढे माईक धरला आणि विचारलं, "काका, एकच सांगा, किती जणांना उडवलंत?"

आणि टाळ्या. उत्तराच्या आधीच टाळ्या.

काका म्हणाले, "आमचं काम वाट करून द्यायचं." ते पुढे काही बोलणार होते, पण तोवर माईक गेला आणि गाणं सुरू झालं. मग सगळे वडापावच्या टेबलाकडे.

मला सारखा आठवतोय तो हयातीच्या दाखल्याचा दिवस. नोव्हेंबरात काकांना घेऊन मी गेले होते. कुठे ते लिहीत नाही, सगळीकडे तेच चालतं. घरात पेन्शनर असेल त्यांना माहितीये, अंगठा लावायचा आणि मशीन हो म्हणालं तर तुम्ही जिवंत. काकांचा अंगठा काही उमटेना. पुसून झाला, ओला करून झाला, बाकीची बोटंही लावून झाली. रेषाच राहिल्या नव्हत्या. काउंटरवरचा मुलगा वैतागला. "आजोबा, हाताने आयुष्यभर काय काम केलंत हो?"

काका म्हणाले, "माती उकरली, बाळा."

बस. ना वीरचक्राचं नाव, ना युद्धाचं. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला. शेवटी मोबाईलसमोर चेहरा धरून काम झालं. मुलगा तसा वाईट नव्हता, मान्य. त्याच्यापुढे ही रांग होती, आणि कपाळावर काय लिहिलंय ते वाचायची मशीन त्याच्याकडे नाही.

पण आजच्या लोकांना तर माहीत होतं ना! बॅनरवर छापलं होतं हातभर अक्षरांत! तरी आपल्याला शौर्य म्हटलं की एकच चित्र दिसतं, बंदूक आणि समोर पडलेली माणसं. सुरुंग काढणारा माणूस त्या चित्रात बसतच नाही.

मेजर रामा राघोबा राणे कोण, हे आज आवारात किती जणांनी सांगितलं असतं? कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झालेले. १९४८ च्या एप्रिलमध्ये ते सेकंड लेफ्टनंट होते. काश्मीरच्या लढाईत नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्ताभर सुरुंग, आडवी पाडलेली पाइनची झाडं, उडवलेले पूल. ८ एप्रिललाच त्यांच्या तुकडीवर तोफगोळे पडले, दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः. तरी ११ तारखेपर्यंत हा माणूस सुरुंग काढत, झाडं उडवत, वळणरस्ते करत पुढे सरकत राहिला, समोरून मशीनगन चालू असताना. परमवीरचक्र मिळालं, आणि ते घ्यायला जिवंत असलेले हे पहिले. त्यांची ती सगळी हकीकत वाचा आणि माणसं मारल्याचा हिशोब कुठे सापडतो का बघा. सगळा हिशोब रस्ता किती मोकळा झाला याचा आहे.

हे राणे १९९४ साली इथे, आपल्या पुण्यात, कमांड हॉस्पिटलमध्ये गेले. त्या चार दिवसांनंतर ४६ वर्षं जगले. त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज झालं, २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला नाव दिलं गेलं. चांगलंच आहे. पण त्या ४६ वर्षांत रात्री झोप कशी लागायची, त्या दोन जवानांची आठवण कधी यायची, हे कुणी विचारलं असेल का?

याच बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१ साली आफ्रिकेत चार दिवस सलग सुरुंग काढले, ५५ मैल रस्ता मोकळा केला, एका कानाचा पडदा फाटला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. कानाचं वाचलं तेव्हा मला आमच्या काकांचा डावा कान आठवला. आणि आज त्याच कानाशी स्पीकर!

बरं, लढून मारणारे शूर नाहीत असं मी म्हणत नाहीये, उगाच कमेंटमध्ये अंगावर येऊ नका. अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मलेला पोरगा. आजच्याच तारखेला, १९७१ साली, बसंतर नदीच्या लढाईत पेटलेल्या रणगाड्यातून लढत राहिला आणि एकविसाव्या वर्षी गेला. त्याचं नाव निघालं की माझेही डोळे भरतात. पण आदल्या रात्री सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाड्यांना वाट कुणी करून दिली? वाट पुरती मोकळी होण्याआधीच पूना हॉर्सचे, म्हणजे अरुणच्याच रेजिमेंटचे, रणगाडे त्यात घुसले, आणि त्यांच्यापुढे अंधारात माती चाचपणारे सॅपर होते. त्यांच्यासाठी कुठल्या चौकात पुतळा आहे?

एकदा पावसाळ्यात काकूंनी चहाला बोलावलं होतं. काकूंची विणायची सुई टेबलावर होती. मी सहज विचारलं, "काका, सुरुंग सापडतो कसा?" त्यांनी सुई उचलली आणि खिडकीतल्या मनीप्लँटच्या कुंडीत तिरकी घातली. अगदी हळू. "अशी तिरपी. उभी घातली की संपलं, त्याच्या डोक्यावरच जाते. कडेला टेकली पाहिजे. टेकली की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची. मग पुढची." सुई काढली, दोन बोटं सरकून पुन्हा घातली. पुन्हा काढली. कुंडी केवढीशी, पण कडेपर्यंत गेल्याशिवाय थांबले नाहीत. चहावर साय आली होती. काकू म्हणाल्या, "पुरे आता, झाडाची मुळं तुटतील." तेव्हा कुठे भानावर आले आणि हसले.

ते बघताना मला कळलं की हे काम रागाने होतच नाही. एकेक बोट माती, आणि दर वेळी पुढच्या क्षणी आपण असू की नाही हे ठाऊक नसताना हात स्थिर. मला तर गॅस पेटवताना भडका उडाला तरी दचकायला होतं. आणि त्या हातांना अंगठा उमटत नाही म्हणून आपण विचारतो, काय काम केलंत?

सरकार काहीच करत नाही असंही नाही. वीरचक्राचा महिन्याचा भत्ता २०१७ साली दुप्पट करून ७,००० रुपये केला, रेल्वेचा पास आहे, टोल माफ आहे. सोसायटीच्या पोरांनीही वर्गणी काढून, धावपळ करून कार्यक्रम केला, अनेक सोसायट्यांत तेवढंही होत नाही. कबूल. पण काकांना खुर्ची कुठे मांडू, एवढं विचारायला वर्गणी लागत नाही.

"मग काय सत्कारच करायचे नाहीत का?" असं मगाशी ग्रुपवर एकाने विचारलंय. करा ना. शाल नका देऊ, त्यांच्याकडे कपाटभर झाल्यात. काम करायचंच असेल तर एक आहे.

खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलेले जवान तिथे राहतात. काकांचे एक जुने ओळखीचे तिथे आहेत. काका अधूनमधून रविवारी जातात, काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी घेऊन. आधी स्कूटरवर जायचे, आता मुलगा चालवू देत नाही आणि रिक्षावाल्यांचं तर तुम्हाला माहितीच आहे. या रविवारी मला जमणार नाही, पुतणीचा साखरपुडा आहे. विश्रांतवाडी-धानोरी भागात कुणाकडे चारचाकी आणि मोकळी सकाळ असेल तर मला मेसेज करा. काकांना पुढच्या सीटवर बसवा, म्हणजे चांगला कान तुमच्याकडे राहील. गाणी लावू नका. आणि निघताना घाई करू नका, त्या दोघांच्या गप्पा आटोपायला वेळ लागतो.