दोघांच्या पगाराचा हिशेब

"दोघं कमावतो, तरी महिनाअखेरीला खात्यात काही उरत नाही." मुंबईत हे वाक्य आता इतक्या घरांत ऐकू येतं की त्याचं उत्तरही ठरून गेलंय: बाहेरचं खाणं कमी करा, मुलांचे लाड आवरा. मला हे उत्तर पटत नाही. म्हणून आम्ही नवरा-बायको वर्षभराचं बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिलं घेऊन बसलो. मुलुंडला टू बीएचके, दोन मुलं, दोघांचा मिळून हातात येणारा पगार २ लाख ३० हजार.

सगळ्यात मोठा घास घराचा. ८० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता ६९,४०० च्या आसपास. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले जवळजवळ ५६,७०० रुपये नुसत्या व्याजाचे होते, मुद्दल फिटलं पावणेतेरा हजारांच्या आसपासच. दर बदलला नाही असं धरलं तर २० वर्षांत ८० लाखांचे १ कोटी ६६ लाख होतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) टप्प्याटप्प्याने ६.५० वरून ५.२५ वर आणला, पण बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. त्यामुळे फायदा झाला तरी महिन्याच्या खर्चात तो दिसत नाही. स्वतःच्या कर्जाचा दर आज किती आहे, हे बँकेत जाऊन एकदा विचाराच. जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लागलेला असू शकतो.

मुलांची शाळा, बस आणि क्लास, वर्षाची फी महिन्यावर वाटली तर ३६,०००. किराणा, दूध, भाजी, मासे २६,०००. मेंटेनन्स, लाइट, गॅस, फोन मिळून १५,०००. (मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आमचं घर त्याहून थोडं मोठं, म्हणून तो आमच्या मेंटेनन्समध्ये येतो.) गावी आईबाबांना १२,०००. पेट्रोल, लोकलचा पास, रिक्षा ११,०००. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा टाकतो ते, १५,०००. पोळीभाजीच्या मावशी आणि लादी-भांड्याच्या ताई, दोघींचे मिळून ८,५००.

इथपर्यंत बेरीज १ लाख ९३ हजारांच्या जवळ येते. मग वरचे ३७ हजार जातात कुठे?

त्यातले बहुतेक जातात वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांत. मेडिक्लेम, टर्म इन्शुरन्स, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, गणपतीला गावी जाणं, दिवाळी, मे महिन्यातली सहल, लग्नांचे अहेर, एसीची दुरुस्ती. यातला प्रत्येक खर्च येतो तेव्हा आपण म्हणतो, "या महिन्यात जरा जास्त झालं." असं म्हणता म्हणता बारा महिने जातात. आमची ही बेरीज ३ लाख ४८ हजार निघाली, म्हणजे महिन्याला २९,०००. नोकरदार घरांत सगळ्यात मोठी गफलत इथेच होते असं माझं ठाम मत आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला हे चांगलं झालं, पण वयाप्रमाणे हप्ता चढतच असतो. दर महिन्याला २९,००० वेगळ्या खात्यात टाकायला लागलो आणि "अचानक आलेला खर्च" हा शब्दच आमच्या घरातून गेला.

हे सगळं वजा जाता हॉटेल आणि घरी मागवलेल्या खाण्याला राहिले महिन्याला ८,०००. शंभरातले साडेतीन रुपये. ज्याच्यावरून घराघरात वाद होतात तो खर्च एवढाच.

आणि "काही उरत नाही" हेही खरं नाही. हप्त्यातलं मुद्दल आपलंच घर आपल्या नावावर करत असतं. एसआयपी आपली. पीएफ तर पगार हातात येण्याआधीच बाजूला पडलेला. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये आहे. त्यात कर्जाचे हप्ते धरत नाहीत. आम्हीही हप्ता, एसआयपी आणि आईबाबांचे पैसे वगळले तरी आमच्या घरात माणशी खर्च त्याच्या चौपटीहून जास्त निघतो. आपण सुखवस्तू आहोत. हे मान्य करायला आपल्यासारख्या घरांना का जड जातं, मला कळत नाही.

कारण मान्य केलं नाही की काटकसर चुकीच्या जागी होते. बँकेला व्याजाचा दर विचारायला आपण बिचकतो, शाळेने फी वाढवली की मुकाट भरतो, आणि ताईंनी ५०० रुपये वाढवून मागितले की घासाघीस सुरू. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर भांड्याचा इतका, लादीचा इतका असा "रेट" ठरतो आणि जास्त देणाऱ्याला "तुम्ही सवयी बिघडवता" असं ऐकवलं जातं. ५०० ची वाढ म्हणजे वर्षाला ६,०००. आमच्या कर्जाच्या पहिल्या एका महिन्याच्या व्याजात अशी वाढ नऊ वर्षं देता आली असती. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण आपल्या दारात त्यांना काय मिळतं ते शेवटी आपणच ठरवतो.

आमच्याकडे आता दोघींना दरवर्षी एप्रिलमध्ये न मागता वाढ, दिवाळीला एक पूर्ण पगार आणि महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आहेत. ग्रुपवर पुन्हा रेट ठरवायचा विषय निघाला तर मी विरोधात बोलणार आहे. तुमच्या सोसायटीत काय पद्धत आहे, खाली नक्की लिहा.