कापराच्या पुरचुंडीनं प्लेग थांबत नाही

रविवारी रात्री अमळनेरहून नानांचा फोन आला. "हाई खरं शे का रे?" भाऊबंदांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला मेसेज त्यांनी वाचून दाखवला. सुरतचा 1994 चा प्लेग म्हणे शत्रूनं प्रयोगशाळेत बनवून सोडला होता. ग्वाल्हेरला आपलं लष्कर रोगजंतू पाळतं, म्हणजे तिथं हत्यारंच बनतात. तिथली औषधं फक्त जवानांना मिळतात. आणि पुन्हा साथ आली तर अँटिबायोटिक घेऊ नका, त्यानं जंतू चवताळतो. कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधा.

त्या साथीत नाना सुरतच्या उधन्यात लूमवर होते. तोंडाला रुमाल बांधून, भुसावळ पॅसेंजरमध्ये उभ्यानं नंदुरबारपर्यंत आले होते. त्या माणसाला आज कुणी पुरचुंडी शिकवतं, याचा मला संताप येतो.

म्हणून आधी शेवटचा मुद्दा, कारण तो जीव घेणारा आहे. खोकल्यातून पसरणारा फुफ्फुसाचा प्लेग उपचाराविना जवळजवळ हमखास मारतो. लक्षणं दिसल्यावर पहिल्या 24 तासांत औषध सुरू झालं तर वाचण्याची आशा असते. औषधंही गुपित नाहीत: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन. कापराच्या वासानं नाक मोकळं वाटेल, फुफ्फुसातल्या जंतूला काही होणार नाही. पुरचुंडीच्या भरवशावर माणूस एक दिवस घरी झोपून राहिला तर नेमका तोच दिवस हातचा जातो. शिवाय त्याच्या उशाशी बसणाऱ्या बायकोला, आईला लागण होते ती वेगळीच. अशा निकटच्या माणसांना आजारी पडण्याआधीच डॉक्टर आठवडाभर गोळ्या देतात. मनानं दुकानातून आणून गोळ्या खाऊ नयेत, हे खरं. पण डॉक्टरनं दिलेली गोळी नाकारा असं सांगणं म्हणजे माणूस मारणं आहे.

आता सुरत. 1994 च्याच ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता, आणि त्याआधी तिथं उंदीर पडले होते. उंदीर पडले की गाव सोडायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसावर येतात. प्लेगला प्रयोगशाळा लागत नाही. 1994 च्या साथीतला जंतू वेगळा काढून तो येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू असल्याचं 1996 मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात कुणी मांडलं? मेसेजनं ज्यांना आरोपी केलंय त्या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी. जंतू हाताशी नसेल तर तो ओळखणारी चाचणी बनवणार कशावर? लस तपासणार कशी? जंतू ठेवायचा तो यासाठी. 1972 च्या जैविक शस्त्रबंदी कराराला भारतानं 1974 मध्ये मान्यता दिली आहे.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. करारावर सही केली म्हणून सगळे देश सरळ वागले नाहीत. सोव्हिएत रशियानं सही करून गुपचूप हत्यारं बनवली. 1979 मध्ये स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्या गुरांची फाशी, हवेत सुटला आणि किमान 66 माणसं गेली. अमेरिकेत 2001 मध्ये पाकिटांतून अँथ्रॅक्स पाठवला गेला, 5 जण मेले. तपासाअंती तिथल्या तपास यंत्रणेनं, एफबीआयनं, लष्करी प्रयोगशाळेतल्याच एका शास्त्रज्ञाला जबाबदार धरलं. तेव्हा अशा ठिकाणी पहारा कडक हवा, हिशेब मागितला पाहिजे, यात वाद नाही. पण तिथंही ज्यांना लागण होण्याची भीती होती त्या हजारोंना 60 दिवस अँटिबायोटिकच दिलं.

आणि जवानांपुरतीच औषधं? लष्करातलं संशोधन सगळ्यांच्याच कामी येतं. मलेरियाचा जंतू डासात 1897 मध्ये सिकंदराबादला सापडला, तो रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला. डासांना पळवणारं डेपा नावाचं औषधही ग्वाल्हेरच्या त्याच संस्थेचं.

नानांना हे सगळं फोनवर सांगितलं. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या भाऊला एकच म्हणणं आहे: बाकी मुद्द्यांवर तुझ्याशी नंतर भांडेन, पण अँटिबायोटिकची ती ओळ आज रात्रीच काढ. त्या ग्रुपवरची निम्मी घरं अजून उधना-लिंबायतला आहेत.