टाचदुखीचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

टाचदुखीवरचा एक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टाच दुखते कारण आत हाड वाढलेलं असतं. कॅल्शियम कमी आणि युरिक ॲसिड जास्त झालं की ते वाढतं. म्हणून डाळी आणि टोमॅटो बंद करा, चप्पल सोडून अनवाणी चाला, तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेका. 7 दिवसांत दुखणं मुळासकट जाईल. आणि इंजेक्शन तर चुकूनही घेऊ नका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे सगळं करून थकलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा वाया गेलेल्या महिन्यांचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘आत हाड वाढलंय’

एक्स-रेत टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसतं, हे खरं. पण टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते दिसतं, आणि वेदनेनं हैराण झालेल्या अनेकांच्या एक्स-रेत ते नसतं. मग त्या टोकाला दोष कसा देणार? बहुतेकांचं दुखणं असतं ते टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेल्या जाड, चिवट पट्ट्याचं. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पावलाची कमान हाच पट्टा ताणून धरतो. त्याच्यावर झेपणार नाही इतका भार रोज पडत राहिला, की जिथे तो टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे झिजायला लागतो. शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या 50 रुग्णांच्या नमुन्यांचा आढावा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुजेपेक्षा झीजच आढळली होती. नुसत्या सुजेच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन फरक का पडत नाही, ते यावरून कळतं.

या दुखण्याची खूण आपल्या भागात घरोघरी दिसते. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसतात आणि उठल्यावर पहिली दोन-चार पावलं भिंत धरून टाकतात. वडगावातला यंत्रमागावरचा कामगार दिवसभर फरशीवर उभा असतो, आणि सकाळी अंथरुणातून उतरताना त्याला टाच टेकवत नाही. बसल्या-झोपल्या पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. चार पावलं चाललं की बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा ठणका सुरू. एवढं ऐकून आणि टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबून पाहिलं की बहुतेक वेळा निदान होतं. ‘हाड वाढलंय’ हे ऐकून लोक इतके धास्तावतात की चालायचंच सोडतात. मग पोटऱ्या आखडतात, वजन वाढतं, आणि या दोन्ही गोष्टी टाचेला आणखी त्रास देतात.

कॅल्शियम, युरिक ॲसिड, डाळी

युरिक ॲसिडच्या दुखण्यात सहसा पायाच्या अंगठ्याचा सांधा अचानक लाल होतो, सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ ही त्याची ओळख नव्हे. कॅल्शियमच्या गोळीनं हा पट्टा सुधारत नाही. डाळी खा.

‘चप्पल सोडा, अनवाणी चाला’

हा सल्ला सगळ्यांत पटकन पटतो, कारण आपले आजे-पणजे अनवाणीच चालायचे. पण ते शेताच्या मातीत चालायचे, आपण घरभर शहाबादी नाहीतर टाइल्सवर वावरतो. दुखरी टाच अशा कठीण फरशीवर रोज आपटली तर पट्ट्याला सावरायला सवड कुठली मिळणार? दुखणं असेपर्यंत घरातही मऊ तळाची, टाचेकडे किंचित उंच चप्पल घाला. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहतानासुद्धा.

कोल्हापुरीबद्दल हमखास विचारतात. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांनाही. अथणीच्या कारागिरांचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही तिचा तळ सपाट आणि कडक असतो, म्हणून टाच बरी होईपर्यंत ती लग्नकार्यापुरतीच ठेवा.

तापलेली वीट आणि रुईचं पान

शेकानं थोडा वेळ आराम पडतो, ते मी नाकारत नाही. कोमट पाण्यात पाय बुडवून बसलात तरी तोच आराम मिळतो. माझा राग आहे तो तापलेल्या विटेवर. अनेक वर्षं शुगर असलेल्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. चटका बसला तरी त्यांना कळत नाही. संध्याकाळी घरातलं कुणीतरी पाय बघतं तेव्हा टाचेला मोठा फोड आलेला असतो. शुगरमध्ये अशी जखम लवकर भरत नाही, चिघळली तर बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत पाळी येते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. काही गावांत अजून बिब्बा लावतात, त्यानं कातडी भाजून निघते. घरात कुणाला शुगर असेल तर हा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचू देऊ नका, हात जोडून सांगते.

‘7 दिवसांत मुळासकट’

नाही. 10 पैकी 8-9 जणांना शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो, पण त्याला काही महिने, कधी वर्षही लागतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस आठव्या दिवशी निराश होऊन दुसऱ्या उपायामागे धावतो.

रोज करायचं ते असं. सकाळी जमिनीवर पाय ठेवण्याआधी अंथरुणातच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, हातानं पायाची बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर ठेवलात तर पट्टा दोरीसारखा ताठ झालेला लागेल. 10 सेकंद धरा, सोडा, असं 10 वेळा. दिवसातून तीनदा. विड्या वळणाऱ्यांनी आणि शिवणकाम करणाऱ्यांनी बैठकीतून उठण्याआधीही करावं. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरी ताणा.

दुसरा व्यायाम ताकदीचा, तो एक दिवसाआड. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, कठडा धरा. 3 सेकंदांत टाचा वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर करा, मग एका पायावर, पुढे पाठीवर ओझं भरलेलं दप्तर घेऊन. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात हा व्यायाम करणाऱ्यांना तिसऱ्या महिन्याला नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट सारखेच होते. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर ओझं कमी करा.

इंजेक्शन

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं साधारण महिनाभर आराम मिळतो, पुढे तो टिकत नाही. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. शुगरही काही दिवस वाढते. पण दुखण्यामुळे व्यायामच करता येत नसेल, तर डॉक्टरांनी विचार करून दिलेलं एखादं इंजेक्शन म्हणजे विष नव्हे.

हे सगळं नेहमीच्या टाचदुखीपुरतं झालं. रात्री झोपेतही टाच ठणकत असेल, ताप असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, उंचावरून पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर व्यायामात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. विशी-तिशीतल्या मुलामुलींच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर तो मणक्याच्या संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं आणि कंबरेचंही नक्की सांगावं. टाच दाखवायला आलेला माणूस कंबरेचं बोलायचं विसरतो.