फाउंडेशनची चप्पल

चार हजार तीनशे रुपये आणि डाव्या पायाची चप्पल. तीन दिवसांपूर्वीच घेतलेली.

सिग्नलला थांबलं की डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवायचा, क्लच सोडला की पुढून 'ठक्'. म्हणून वसमत रोडवरच्या गॅरेजात गाडी नेली. उस्तादनं बॉनेट उघडून मला रेस द्यायला लावली. इंजिन दावं तोडणाऱ्या बैलासारखं उसळलं. "साब, फाउंडेशन गया."

फाउंडेशन म्हटलं की मला देणग्या मागणारी संस्था आठवते. हे फाउंडेशन म्हणजे लोखंडात घट्ट बसवलेलं रबर. इंजिन त्याच्यावर टेकतं, त्याचे हादरे ते स्वतः खातं, आपल्या कंबरेपर्यंत येऊ देत नाही. आमचं तीन सिलिंडरचं इंजिन जन्मजात थरथरं, त्यात गळक्या ऑइलनं रबर फुगून चिरलेलं. गाडीतली तिन्ही फाउंडेशनं बदलायचे चार हजार.

"चार हजार?"

हे मी नाही ओरडलो. ट्रॅक्टरचं पंक्चर काढायला आलेले एक आबा ओरडले. तंबाखू मळत आले, बॉनेटमध्ये डोकावले, बाजूला पचकन थुंकले.

"कामून पैशे घालायलाव? रबरच लागतंय नं? चपलीचं टाका. आमच्या कडबाकुट्टीला टाकलंय, पंधरा साल झाले, हू नाही का चू नाही."

"आबा, कडबाकुट्टी रस्त्यावर ऐंशीनं पळत नाही."

"तुमची तरी कुठं पळती?"

चारजण हसले. आबांनी स्वतःचा पाय उचलून बघितला. "हे कातडं हाय, चालत नाही." उस्तादच्या पायात बूट. मग सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांकडे आल्या. मी चप्पल का काढून दिली, हे मला आजही सांगता येत नाही. आबांनी बैलाचे दात बघावेत तशी ती अंगठ्यानं दाबून बघितली. "जाड हाय. नवीच दिसती." उस्तादनं हेक्सॉ लावला. बनी तो बनी, नहीं तो परभणी!

बेचाळीस डिग्रीत, अनवाण्या पायानं तापलेला क्लच दाबत निघालो. विद्यापीठाच्या गेटपर्यंत पोचेस्तोवर इंजिनाच्या वजनाखाली चपलेचा पापड झाला आणि लोखंडावर लोखंड वाजायला लागलं. स्टिअरिंग, चष्मा, कॅप बसवलेली दाढ, सगळं एका सुरात.

दुसऱ्या दिवशी नवी फाउंडेशनं बसली. वरचे तीनशे कशाचे, विचारलं.

"चप्पल लगाने की और निकालने की मजुरी, साब."

ही कुठली पद्धत? सल्ला फुकटात देणारा मोकळा, कापणाऱ्याला मजुरी, आणि नागडा पाय माझा. वर आदल्या दिवशी निघताना आबा म्हणाले होते, "चार हजार वाचिवले तुमचे, च्या तरी पाजा."

पाजला. स्पेशल.